पुढच्या सीटवरचा गृहपाठ

प्रिय मेन्झीदादा,

आईने आज तुझ्यासाठी वाफेवरचा पाव केला आहे. मामा उद्या सकाळी न्यूकॅसलला परत जाईल, त्याच्या हाती डबा देणार आहे. फडक्याच्या घडीत तुला हे पत्र सापडेल. आईला पत्राचं माहीत नाही. तू मामाच्या गॅरेजात काम शिकायला गेलास एवढंच तिला ठाऊक आहे, आणि तेच ती गल्लीभर अभिमानाने सांगत फिरते. मी मात्र अकरा दिवस एक गोष्ट गिळून बसले आहे. पोलिसांच्या कॅप्टन गोव्हेंडर शाळेत दोनदा आल्या, दोन्ही वेळा मी "मला काही माहीत नाही" म्हटलं. शुक्रवारी मला तसं म्हणता येणार नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला माझ्या बारावीच्या मुलांचा गणिताचा पहिला पेपर आहे. बीजगणित, फलनं, आर्थिक गणित. दीडशे गुण, तीन तास. शिक्षिका म्हणून माझं हे पहिलंच वर्ष, म्हणून मीच मुलांपेक्षा जास्त घाबरले आहे. वर्गात एक्केचाळीस मुलं होती. आता चाळीस आहेत.

तुला आठवतं, मी फलनं कुठे शिकले? विद्यापीठात नाही. बाबांना टॅक्सी स्टँडवर गोळ्या घातल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षी तू त्यांची पांढरी मिनीबस टॅक्सी चालवायला लागलास. तू एकोणीसचा, मी दहाची. शाळा सुटली की तू मला पुढच्या सीटवर बसवायचास, म्हणजे मी तुझ्या नजरेसमोर राहीन. आणि पुढे बसलेल्याने सगळ्यांचं भाडं गोळा करून सुटे परत करायचे ही तर आपली रीतच. मागून नोटा खांद्याखांद्यावरून पुढे यायच्या आणि मी रडकुंडीला यायचे. एका बाईला मी दोन रँड कमी दिले तेव्हा ती ओरडली होती, "अगं ए चिमणे, दादाला नवी गाडी घ्यायचीय का माझ्या पैशांतून?" सगळी गाडी हसली. तू गाडी बाजूला घेतलीस आणि मला सांगितलंस, "फिंडिले, आधी माणसं मोज. मग हात मोज. पैसे शेवटी. पैशांवरून माणसं मोजायला गेलीस की फसलीस." त्या दिवसापासून माझा हिशेब कधी चुकला नाही. पुढे वर्गात मास्तरांनी फळ्यावर एफ ऑफ एक्स लिहिलं तेव्हा बाकीच्यांना घाम फुटला. मला पंधरा आसनांची टॅक्सी दिसली.

म्हणून मीही माझ्या वर्गाला टॅक्सीच दिली. फळ्यावर लिहिलं, एक्स म्हणजे माणसं, भाडं अठरा रँड, तर जमा किती? मग विचारलं, एक्स जास्तीत जास्त किती असू शकतो? "पंधरा," सगळे म्हणाले. मागच्या बाकावरून नोक्वाझीचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी कधी बसलात का? बावीस!" ही नोक्वाझी माझ्या वर्गातली सगळ्यांत आगाऊ आणि सगळ्यांत हुशार मुलगी. आर्थिक गणितात गाडीची किंमत दरवर्षी वीस टक्क्यांनी उतरते असं उदाहरण आलं, की ही हात वर करणार, "मॅडम, इथे दुसऱ्याच वर्षी गाडी जाळतात. ते सूत्रात कुठे घालायचं?" वर्ग हसायचा, मीही हसायचे. नदीपलीकडच्या टॅक्सीमालकांच्या संघटनेने मे महिन्यात आपल्याकडच्या तीन गाड्या जाळल्या होत्या, आणि आपल्याकडच्यांनी त्यांच्या दोन ड्रायव्हरांना पेट्रोल पंपावर उभं करून मारलं होतं. खिडकीबाहेर फटाका वाजला तरी माझी मुलं न सांगता बाकाखाली जातात. पेन हातातच असतं. आवाज थांबला की वर येऊन पुढची ओळ लिहितात. अशा मुलांना हसायला काहीतरी हवंच ना?

आता मी काय केलं ते ऐक. मी त्यांना गृहपाठ दिला. पेपरच्या आधीचे तीन आठवडे रोज सकाळी टॅक्सीत पुढच्या सीटवर बसायचं, सगळ्या गाडीचा हिशेब करायचा आणि वहीत फलन मांडून आणायचं. बाकीच्यांनी दोन दिवस केलं आणि सोडलं. नोक्वाझीने सोडलं नाही. ती नदीपलीकडे राहायची. तिकडचे टॅक्सीमालक बाबा म्थियाने रोज सकाळी सहा दहाच्या स्वतःच्याच गाडीत पुढे बसून जातात, हे तुला मी सांगायला नको. त्या दिवशीही ते पुढेच बसले होते. पण म्हाताऱ्याचे सुटे चुकले. मागून आरडाओरडा झाला, "बाबा, चष्मा घरी ठेवून आलात की डोळे?" त्या गाडीत दुसऱ्या रांगेत बसलेल्या माझोंडी आजींनीच मला हे सांगितलं. बाबा म्थियाने हसत उठले आणि नोक्वाझीला म्हणाले, "ये मास्तरीणबाई, आज तू मालक." ते मागे गेले, ती पुढे आली. तिने वही मांडीवर उघडली. काचा काळ्या होत्या.

उतारावरच्या गतिरोधकापाशी गाडी मंदावली. आजी म्हणाल्या, त्यांनी दोघांच्या भाड्यासाठी पन्नासची नोट पुढे केली होती आणि सुटे घ्यायला हात तसाच लांब धरला होता. डाव्या बाजूने एक राखाडी गाडी चिकटली. आधी काच फुटल्याचा आवाज आला, मग बाकीचे आवाज. अकरा गोळ्या. ड्रायव्हरचा जबडा उडाला. तरी त्याने ब्रेक दाबला म्हणून गाडी ओढ्यात गेली नाही. रक्त समोरच्या काचेवरून वाहत खाली आलं आणि वहीवर ठिबकत राहिलं. मग एक माणूस उतरला आणि काम पुरं झालं का ते बघायला त्याने दार उघडलं. तोंडावर फडकं, डोक्यावर लोकरीची टोपी. त्याने शाळेचा गणवेश पाहिला. आजींच्या म्हणण्याप्रमाणे तो उभ्या उभ्या वाकला, जणू त्यालाच गोळी लागली. राखाडी गाडीतून कोणीतरी ओरडलं, "चल रे, नाहीतर मर तिथंच!" त्याने डोक्यावरची टोपी काढली, नोक्वाझीच्या चेहऱ्यावर ठेवली आणि मग पळाला. तिच्या मुठीत चौदा रँड होते. हिशेब बरोबर होता.

तिच्या आईवडिलांसोबत वर्गशिक्षिका म्हणून मी पोलीस ठाण्यात गेले. कॅप्टन गोव्हेंडरनी प्लास्टिकच्या पिशवीतली टोपी टेबलावर ठेवली. हिरवी, पिवळी कड. दादा, ती विणताना तिसऱ्या ओळीत आईचा एक टाका सुटला होता. उसवून पुन्हा विणायला धीर नव्हता, म्हणून तिने पुढच्या प्रत्येक ओळीत मुद्दाम तोच टाका सोडला. कडेपासून शेंड्यापर्यंत एक तिरपी जाळी झाली आणि लोक विचारायचे, ही नक्षी कुठली? माझ्या पदवीदानाला डर्बनला तू सुटावर ती घालून आलास तेव्हा आई कुजबुजली होती, "काढ रे ती, लाज आणशील!" तू म्हणालास, "पदवी काय एकट्या फिंडिलेची आहे? तुझीपण आहे. मी तुझं सर्टिफिकेट डोक्यावर घालून आलोय." सभागृहात आपल्या तिघांइतकं मोठ्याने दुसरं कोणी हसत नव्हतं. पिशवीतून मला ती तिरपी जाळी दिसत होती. नोक्वाझीच्या आईचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, "नाही, कधी पाहिली नाही."

उत्तरपत्रिका तपासण्याचा आमच्याकडे एक नियम आहे. मुलाने पहिल्या ओळीत चूक केली, पण पुढचं सगळं त्या चुकीला धरून बरोबर सोडवलं, तर पहिल्या ओळीचा गुण कापायचा आणि पुढचे द्यायचे. मला हा नियम फार आवडायचा. वाटायचं, माणूस एकदा घसरला म्हणून त्याला आयुष्यभर नापास करू नये, असंच सांगतोय हा. या अकरा दिवसांत मी तुला असंच तपासून पाहिलं. बाबांच्या खुनाची केस बंद झाली ही पहिली ओळ. आपल्याकडच्या संघटनेच्या लोकांनी तुला सांगितलं की नुसतं गाडीत बसायचं, बंदूक धरायची नाही. मग एकदा गाडी चालवायची. मग बंदूक, एकदाच. दर महिन्याला माझ्या हॉस्टेलवर पाकीट यायचं आणि मी तुला कधीच विचारलं नाही, की एवढ्याशा गाडीतून एवढं कसं सुटतं. ती चूक माझ्या खात्यावर लिही. प्रत्येक ओळ मागच्या ओळीला धरून होती. मी गुण देत देत खाली आले आणि गतिरोधकापाशी येऊन पोचले. त्याच नियमात पुढे लिहिलंय, की उत्तर अशक्य आलं, कर्ज फेडायची वर्षं उणे आली, तर तिथेच थांबायचं. पुढे एकही गुण नाही.

तरीही मी गप्पच राहिले असते, दादा. खरं सांगते. पण शनिवारी लोकांनी लकीला पकडलं. लकी म्हणजे पंपामागे पंक्चर काढतो तो. त्याच्याकडेही हिरवी टोपी होती, एवढाच त्याचा गुन्हा. शाळेच्या फाटकासमोर त्याला आडवा घातला आणि चामड्याच्या चाबकांनी सोलला. एक बाई ओरडत होती, "आमच्या पोरीच्या तोंडावर टोपी ठेवतोस? थांब, तुझ्या तोंडावर टायर ठेवते!" आणि खरंच कोणीतरी गळ्यात अडकवून पेटवायला टायर घेऊन आलं. पेट्रोलचा वास आला. मारणाऱ्यांत माझ्या वर्गातली तीन मुलं होती. ज्या हातांना मी आलेख काढायला शिकवलं त्याच हातांत दगड होते. मी मध्ये पडले, माझी बाही फाटली, कोणीतरी ढकलून म्हणालं, "मॅडम, बाजूला व्हा, हे तुमच्या फळ्यावरचं नाही." मला एकच वाक्य बोलायचं होतं, ती टोपी याची नाही. ते माझ्या तोंडून निघालं नाही. पोलिसांची गाडी आली म्हणून तो जगला. एक डोळा गेला. शुद्धीवर आल्यावर तो नर्सला विचारत होता, "मी काय केलं?" तो तुझा मार होता, दादा. त्याने खाल्ला, आणि मी उभी राहून पाहिला.

तुझा राग करायचा प्रयत्न मी करून पाहिला. मधेच मला ती उघडलेल्या दारात वाकलेली आकृती दिसते आणि राग तिथेच अडतो. ज्याने मला आधी माणसं मोजायला शिकवलं, त्यानेच त्या दिवशी काळ्या काचेतून न मोजता गोळी झाडली. आणि ज्या सीटवर तू मला सुरक्षित ठेवायचास, तिथे मी तिला पाठवलं. तुला तिचं नाव माहीत नसेल म्हणून लिहिते. नोक्वाझी झुंगू. सतरा वर्षांची. अभियंता व्हायचं होतं. वहीच्या मागच्या पानावर तिने मला कमाल किमतीची तीन उदाहरणं तपासायला दिली होती. मी तपासली. तिन्ही बरोबर आहेत. कोणाला परत देऊ?

हॉलमधल्या तिच्या टेबलावर परीक्षा क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. ती काढायची नाही असा नियम आहे. शुक्रवारी नऊ वाजता त्या रिकाम्या टेबलावरही प्रश्नपत्रिका ठेवतील आणि यादीत गैरहजर लिहितील. माझा विषय म्हणून मला त्या तीन तासांत हॉलमध्ये पाय ठेवायची परवानगी नाही. तोवर मुलांना सांभाळायचं आहे, म्हणून मी शुक्रवारपर्यंत थांबले. गुरुवारी आईला मावशीकडे पोचवून येईन. तुझे लोक काय करतील याचा विचार मी केला आहे, तू करू नकोस. पेपर वाटले, की मी फाटकाबाहेर पडेन आणि पंपासमोर टॅक्सीला हात करेन, पोलीस ठाण्याकडे जाणाऱ्या. तिथे मी टोपीविषयी सांगणार आहे. तू आलास तरी सांगणार, नाही आलास तरी सांगणार. पण तू आलास तर मला काही सांगावं लागणार नाही, तू सांगशील. एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. त्या दिवसापासून आपल्या रस्त्यावर पुढे बसायला कोणी तयार होत नाही, ड्रायव्हरशेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या जातात आणि सुटे मागेच वाटून घेतात. शुक्रवारी मी पुढे बसेन, खिडकीच्या बाजूला. माझ्या आणि ड्रायव्हरच्या मधली जागा मी दहा मिनिटं धरून ठेवेन. दोघांचे छत्तीस रँड माझ्याकडे आहेत. मागच्यांचा हिशेब मी करेन. तू फक्त माणसं मोज.

तुझीच धाकटी,
फिंडिले