तेलाच्या चिंध्यांचा बोळा

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकी, चर्चच्या मंडळीचा सभासद व गेली चोवीस वर्षे पंच, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या मते माझ्या छातीने आता हात टेकले आहेत. डोके शाबूत आहे, नको तितके.

१. माझे रंधे, करवती व पटाशा पुतण्याला द्याव्यात. त्याचा हात बरा आहे, घाई वाईट. धार लावल्याशिवाय लाकडाला हात लावू नये, ही अट.

२. मेव्हण्याला काही नाही. "आठवड्यात आणून देतो" म्हणून नेलेले माझे भोक पाडायचे गिरमिट एकोणीस वर्षे त्याच्याकडेच आहे. तोच त्याचा वारसा समजावा.

३. राहत्या दोन खोल्या व मागचा कारखाना दिवेवाल्या बाईंना द्यावा. घरचे तोंडात बोटे घालतील, म्हणून कारण लिहितो. हे कलम माझी शवपेटी खाली सोडण्यापूर्वी सर्व मंडळीसमोर मोठ्याने वाचावे.

चर्च जळले त्याला सव्वीस वर्षे झाली. बाई तेव्हा तिथल्या मेणबत्त्या लावत आणि विझवत. त्या शनिवारी मी पुलपिटाला, म्हणजे पाळकांच्या उपदेशाच्या लाकडी व्यासपीठाला, जवसाचे तेल लावले. तेलाच्या चिंध्या मोकळ्या पसरून वाळवायच्या असतात. बोळा करून ठेवल्या तर आतल्या आत तापून पेट घेतात. शिकाऊ सुताराला हे पहिल्याच दिवशी सांगतात. मी बोळा करून पुलपिटाखाली सारला, कारण जेवायला उशीर होत होता. रविवारी लोक उपासनेला आले तेव्हा छप्पर खाली आले होते.

पंचांनी बाईंना सर्वांपुढे उभे केले. "मी प्रत्येक वात चिमटीत धरून बघितली हो, एकही पेटती नव्हती," त्या म्हणाल्या. कोणी ऐकले नाही. त्यांना प्रभुभोजनातून वगळून मंडळीबाहेर काढावे का, असे पाळकांनी विचारले आणि सगळ्या मंडळीने हात वर केले. माझाही हात वर होता, आणि बोटांना अजून तेलाचा वास येत होता.

पुढे सात दिवस संजीवन सभा, म्हणजे पश्चात्तापाच्या प्रार्थनासभा, झाल्या. मंडळी ढसाढसा रडली. अबोला धरलेले भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले, दोघांची दारू सुटली, ती आजतागायत. देवाने आम्हाला जाळून नवे केले, असे लोक म्हणू लागले. मीही गुडघे टेकून शिवीगाळ आणि उपासनेतल्या डुलक्या ही दोन पापे कबूल केली. मोठे गिळले. माझे रडणे पाहून पुढे मला पंच केले. चर्च पुन्हा उभे राहिले, बाई मात्र तेव्हापासून बाहेरच्या पायरीवर बसून उपासना ऐकतात. आमचे नवे जीवन एका निरपराध बाईच्या पाठीवर उभे आहे, याची मला रोज लाज वाटते.

४. दुरुस्ती. वरील मजकूर आज मी बाईंना घरी बोलावून वाचून दाखवला.

"मला वाटायचं, राहिलीच असेल एखादी वात माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं रोज देवाची माफी मागितली मी, मिस्त्री. न केलेल्याची."

मी कागदाची घडी घालू लागलो.

"आणि हे मेल्यावर काय वाचता? मेलेल्याला कोण जाब विचारणार? येत्या रविवारी वाचा. स्वतः."

"मंडळी मला बाहेर काढेल, बाई."

"काढू दे. मला तेव्हा एक साक्षीदार मिळाला नाही. तुम्हाला मी आहे. कुठे सही करायची?"

साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, असा कायदा आहे, हे मी त्यांना समजावून सांगितले. "मग घर राहू द्या," म्हणाल्या, आणि पेनासाठी हात पुढे केला. माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारले नाही.

सबब कलम तीनमधील घर व कारखाना पुतण्याकडे जावा. बाकी मजकूर रविवारी मी स्वतः वाचीन. त्या दिवशी हात वर केलेले आम्ही एकतीस जण अजून हयात आहोत. प्रत्येकाने बाईंसमोर येऊन आपली चूक आपल्या तोंडाने सांगावी. रडू नये, रडून झाले आहे.

ठिकाण : माझा कारखाना
दिनांक : अकरा मार्च, गुरुवार

लिहून ठेवणार : सुतार (सही)

साक्षीदार :
१. शेजारचा शिंपी (सही)
२. दिवेवाल्या बाई (सही. संपूर्ण मजकूर ऐकला. खरा आहे.)