शिसमाचे तख्त अजराच्या नावे

मी, शेख इलियास शेख महेबूब, वय त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार औरंगपुरा, औरंगाबाद, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. साखर वाढली आहे, गुडघे गेले आहेत, डोके मात्र जागेवर आहे. घरी आम्ही उर्दू बोलतो. पण जन्मभर शाळेत मराठी शिकवली, म्हणून शेवटचा कागद याच भाषेत.

१. मुलगा हबीब आणि मुलगी गुलशन हे माझे वारस. पत्नी नजमुन्निसा आणि धाकटा मुलगा चांदपाशा माझ्याआधी गेले. खालचे घर आणि बँकेतली शिल्लक दोघांना शरियतप्रमाणे मिळेल. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. नजमुन्निसाचे पानदान गुलशनने न्यावे.

२. चांदपाशाची विधवा अजरा हिला माझा वारसा पोचत नाही. परंतु एक तृतीयांशापर्यंतची मिळकत वारसांबाहेर कोणालाही देता येते. त्या अधिकाराने माडीवरची खोली आणि तिथले शिसमाचे तख्त मी अजराला देत आहे. राहण्यापुरते नव्हे, मालकीने. हबीबला घर विकायचे आहे आणि अजराला दौलताबादला तिच्या भावांकडे पाठवायचे आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून कारणही लिहितो.

तख्त, म्हणजे ही बसायची लाकडी बैठक, माझ्या आजोबांची. अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली, त्या वेळी आम्ही फुलंब्रीजवळच्या खेड्यात राहत होतो. मी पाच वर्षांचा. अब्बा आम्हाला घेऊन गावाबाहेर पडले. सगळे शांत झाल्यावर परतलो, तर घराला दारही उरले नव्हते. तेवढ्यात गावातला मुंजाबा धनगर बैलगाडी हाकत आला. गाडीत तख्त, शेणाने लिंपलेले.

"भाई, शेळ्या बांधल्या व्हत्या याला," तो म्हणाला. "समद्यांना वाटलं, गोठ्यातली फळी हाय. कुनी इचारलंच नाय."

ही हकीकत अब्बांनी मरेपर्यंत सांगितली. हबीब हसायचा. "दादा लई रंगवून सांगायचे," आजोबांबद्दल म्हणायचा. तख्तावर ऑइलपेंटचे थर चढलेले, पाय बेढब झालेले. त्याने ते दोनदा भंगारवाल्याला दाखवले होते.

चांदपाशाची मोटारसायकल फुलंब्री रोडवर घसरली आणि तो गेला. त्यानंतर अजरा बोलेनाशी झाली. एका दुपारी मी माडीवर गेलो, तर ती तख्ताच्या कडेचा रंग नखाने खरवडत बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अब्बा, इसके नीचे क्या है?"

कित्येक महिन्यांतला तो तिचा पहिला प्रश्न होता. मी बाजारातून पटाशी, पॉलिश पेपर आणि रंग काढायचे औषध घेऊन आलो.

वरचा बदामी रंग अजरा लग्न होऊन आली तेव्हाचा. त्याखाली निळा, नजमुन्निसा आली तेव्हाचा. तो निघताना माझा हात थांबला. अजराने पुढे काम केले. त्याखाली अब्बांनी लावलेला हिरवा. हिरव्याखाली पुट्टी, बोटभर जाड. पुट्टीचा एक तुकडा निसटला आणि आत द्राक्षाचे पान दिसले.

चारही कडांना द्राक्षाची वेल कोरलेली होती. पानांच्या शिरा, वळलेले तंतू, घोसातला दाणा न् दाणा. या तख्तावर मी जेवलो, अभ्यास केला, मुले खेळवली, आणि वेल माझ्या मांडीखाली होती. अब्बांनी तिच्याबद्दल एक अक्षर सांगितले नव्हते. त्या दिवसांत घरात काही मोलाचे दिसू नये, असे त्यांना वाटले असावे. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

"अब्बा, इधर तो देखो," अजरा म्हणाली. एका कोपऱ्यावर वेल अर्धवट तुटलेली होती. तिथे बारीक खाचा होत्या, जोडीजोडीने. शेळ्यांच्या दातांच्या.

हबीबला बोलावले. त्याने चप्पल दाराबाहेर काढली, खाचांवरून बोट फिरवले. बराच वेळ फिरवत राहिला. मग विचारले, "हे भरून काढायचं का?"

"नाय," अजरा म्हणाली. मी हसलो. ती मराठीत भांडू लागली, म्हणजे बरी झाली.

जवसाचे तेल मुरल्यावर शिसम आतून उजळले. शेजारपाजारचे बघायला आले आणि आवाज उतरवून बोलू लागले. माणसाने केलेली वस्तू इतकी सोसून इतकी सुंदर राहते, याचे मला अजून नवल वाटते.

३. तख्ताला कोणी पुन्हा रंग लावू नये.

४. अजरा तरुण आहे. तिने दुसरे लग्न केले, तर खोली आणि तख्त तिचीच राहतील. तख्त फार जड आहे, उचलायला चार माणसे लागतात. ती सासरी निघेल त्या दिवशी तख्ताच्या एका पायाला हबीबने हात लावावा. ही अट नव्हे. बापाची विनंती आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

शेख इलियास शेख महेबूब

साक्षीदार:
१. रामकिसन सांडू जाधव, शेजारी
२. डॉ. सय्यद नईमुद्दीन, औषधोपचार करणारे

औरंगाबाद, ११ फेब्रुवारी २०१६