शेवटाचं प्रकरण

२ मार्च, चेंगदू
प्रबंधाची सात प्रकरणं तयार. आठवं, ‘शेवटाचे स्वरूप’, बाकी. विषय: ‘तेराव्या स्वर्गाचा दारवान’, नेटवर रोज एक भाग येणारी अद्भुत कादंबरी. आज भाग ३११२. ती संपली की आठवड्यात प्रबंध हातावेगळा करतो. लेखकच संपवत नाही, त्याला मी काय करू?

५ मार्च
मार्गदर्शक थान सरांनी बोलावलं. म्हणाले, आठ वर्षं झाली, तीस जूनला नाव कमी होणार, मग पदवी विसरा. आलेत तेवढ्या भागांवर लिहा म्हणाले. त्यांना काय जातंय सांगायला? ते ज्याच्यावर लिहितात तो कवी मरून नऊशे वर्षं झाली. मस्त सोय आहे.

१९ मार्च
अभ्यास म्हणून रोज भागाखाली एक प्रश्न टाकतो, ‘सबुरीचा बगळा’ या नावाने. आज विचारलं, भाग ४१ मधल्या लंगड्या घोड्याचं पुढे काय झालं? लेखकाचं लगेच उत्तर: ‘बगळेसाहेब, बरी आठवण केलीत.’

११ एप्रिल
बावीस भाग घोडाच चाललाय. काल त्याचं लग्न झालं. लेखक माझ्या शब्दाला मान देतो, हे प्रस्तावनेत घालायला हवं. शेवट मात्र कुठे दिसत नाही.

२० एप्रिल
झिगोंगहून आईचा फोन. गोष्ट संपली का विचारलं. नाही म्हटलं. मग म्हणाली, शेजारच्या काकूंचा दुसरा नातू बालवाडीत जायला लागला. याचा संबंध काय, कळलं नाही.

८ मे
म्याओ छिंग भेटली. माझ्यानंतर तीन वर्षांनी आली, आता प्राध्यापक आहे. रखडलेल्यांची यादी तिच्याचकडे. तरी मला ‘दादा’ म्हणते. नूडल्स खाताना म्हणाली, “दादा, कादंबरी तुमच्यामुळे संपत नाहीये. महिनाभर त्या बगळ्याची चोच बंद ठेवा, मग बघा.” तिखटाने डोळ्यांत पाणी आलं.

९ मे
प्रयोग म्हणून प्रश्न बंद. कल्पना माझीच.

१० मे
एक लिहिला. पुसला. घोडीच्या माहेरचं कुणीच काही विचारत नाही.

१२ जून, सकाळी ९
संपली. भाग ३२१४. दारवान दार उघडून आत गेला. मी चक्क रडलो. लेखक म्हणतो, मनगट कामातून गेलंय, आता विश्रांती. माझ्याकडे अठरा दिवस. सात पुरेत. उरलेले अकरा डोंगरात फिरायला जाईन.

दुपारी २
आठव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य: ‘दारवान आत गेल्यावर दार लावले.’ कोणी? मजकुरात नाही. प्रबंधात अंदाजपंचे चालत नाही. लेखकाला एवढंच विचारलं. हा प्रश्न नव्हे, संदर्भ तपासणं आहे.

संध्याकाळी ५
उत्तर आलं. ‘बगळेसाहेब, कुठे होतात? तुम्ही महिनाभर गप्प, मला वाटलं आता कुणी वाचत नाही, म्हणून गुंडाळली. उद्यापासून खंड दुसरा.’

३० जून
नाव कमी झालं. कागदावर सही म्याओ छिंगने केली, वर बघितलं नाही. खोली रिकामी करून दिली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आईला येतोय म्हणून कळवलं. गाडीत खंड दुसरा, भाग १८ वाचला. दार कोणी लावलं ते अजून आलेलं नाही. लेखकाला लिहिलं: सावकाश होऊ द्या, आता मला घाई नाही.