क्रमांक एक्केचाळीसची थंडी

ती. ताईंना,

मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (साष्टांग अशासाठी, की उभं राहायचं त्राण उरलेलं नाही). तुमचे गुडघे आता कसे आहेत? साडूभाऊंचा खोकला हटला का? आणि आठ दिवसांसाठी जाते अशी चिठ्ठी ठेवून तुमच्याकडे आलेली, आज तेविसावा दिवस उजाडला तरी तिथेच असलेली तुमची धाकटी बहीण मजेत असेलच. मीही मजेत आहे, असं लिहायला घेतलं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला खोटं कसं लिहू? ताई, मी हादरलोय. काल सकाळी अकरापासून मला काही सुचत नाही. चहात दोनदा मीठ घातलं, आणि दोन्ही वेळा तो पिऊन झाल्यावर कळलं.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत काय चालतं, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत (मी मात्र दर भेटीत सांगितलं). तरी पुन्हा सांगतो. लोक आम्हाला पोस्टाने वाक्यं पाठवतात. एक शब्द आणि तो वापरलेलं एक वाक्य. टंकलेखिका बाई ती एकसारख्या चिठ्ठ्यांवर टाइप करतात. खाली नाव नसतं, नुसता क्रमांक; उगाच वशिलेबाजी नको म्हणून. मग प्रत्येक चिठ्ठी आपापल्या शब्दाच्या खणात जाते. त्यामुळे एकाच माणसाची सगळी वाक्यं ओळीने वाचायची वेळ आमच्यावर येतच नाही. गेले आठ महिने क्रमांक एक्केचाळीस म्हणून कुणीतरी थंडीवर वाक्यं पाठवत होतं. काय वाक्यं! प्रत्येकावर मी लाल शाईने 'उत्तम' लिहीत होतो. (इतकंच नाही, जेवताना तुमच्या बहिणीला वाचून दाखवत होतो. ती मुकाट्याने भात वाढायची. एकदाही हूं की चूं नाही. ताई, माणसाच्या पोटात किती मावतं हो!)

तर काल मुख्य संपादकांनी फर्मान काढलं, की थंडीचे सगळे प्रतिशब्द एका पानावर घ्या, आणि सौम्यापासून तीव्रापर्यंत चढत्या क्रमाने लावा. मी लावले. सगळ्यांसमोर वाचायलाही मीच उभा राहिलो (हौस!). पहिला 'गारवा'. वाक्य असं: 'लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात खिडकी उघडून तो म्हणाला, किती छान गारवा आहे.' सगळे गालात हसले. मग 'थंडी': 'दुसऱ्या हिवाळ्यात मी म्हटलं, थंडी वाजतेय, त्याने विचारलं, कोणत्या अर्थाने?' टंकलेखिका बाईंनी तोंडाला पदर लावला. मग 'गारठा': 'हीटर खोक्यांपाशी आणि गारठा माझ्यापाशी, अशी आमच्या घरात वाटणी आहे.' इथे मी स्वतः पोट धरून हसलो आणि म्हणालो, हा नवरा नव्हे, नग आहे नग! मुख्य संपादक म्हणाले, नग नाही, दगड. त्यावर मी टाळी दिली. आणि मग पुढची चिठ्ठी वाचली, 'हुडहुडी': 'मला हुडहुडी भरली, तेव्हा त्याने आधी शब्द टिपून घेतला आणि मग पांघरूण शोधलं.'

ताई, तो शब्द मी टिपला होता. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात, तिच्या औषधाच्या चिठ्ठीमागे. आणि हीटर कुठे असतो म्हणाल, तर कचेरीतून घरी आणलेल्या चिठ्ठ्यांच्या खोक्यांपाशी. कागदाला दमट हवा सोसत नाही हो! माणूस निदान शाल तरी गुंडाळतो. हे कारण मला कालपर्यंत अगदी बिनतोड वाटत होतं. आता लिहिलेलं पाहतोय, तर मलाच माझी शरम वाटतेय.

सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटची चिठ्ठी 'काकडणे' या शब्दाची होती. ती मी वाचलीच नाही, घसा बसल्याचं निमित्त केलं. मुख्य संपादकांनीच वाचली: 'सात हिवाळे काकडल्यावर मी बहिणीकडे निघून गेले, आणि त्याला ते चौथ्या दिवशी कळलं.' (तिसऱ्या दिवशी कळलं होतं. आमच्या कोशात इतकी ढोबळ चूक चालत नाही.) जेवणाच्या सुट्टीत नोंदवही उघडली. क्रमांक एक्केचाळीस, नाव तुमच्या बहिणीचं, माहेरच्या आडनावासकट. आणि पत्ता तुमचा! म्हणजे आठ महिने कचेरीच्या पोचपावत्या तुमच्या दारी येत होत्या, आणि तुम्ही माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतात. मला दुसरा धक्का याचा बसला. पहिला अजून ओसरायचाय.

मुख्य संपादक पानावर बेहद्द खूश आहेत; एवढं जिवंत पान कोशात दुसरं नाही म्हणतात. शुक्रवारी ते छापायला जाईल, पण माझी सही झाली तरच. वाक्यं गाळायचा अधिकार माझा आहे. गाळली तर माझी अब्रू वाचेल. पण मग तिचं म्हणणं मी पुन्हा एकदा ऐकलं नाही, असं होईल. काय करू, कळत नाही. थोरल्या बहिणीच्या नात्याने तुम्हीच सल्ला द्या. तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही. साडूभाऊंना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद, आणि तिला... तिला काय लिहायचं ते मला सुचत नाही.

तुमचा,
नग

ता. क. सल्ला नको. सही करून टाकली. एकही वाक्य गाळलं नाही. 'चौथ्या दिवशी'सुद्धा तसंच ठेवलंय. पुन्हा मोजलं, तर तिचंच बरोबर निघालं.

ता. क. २. हे पत्र खरं तर एका कामासाठी आहे. पुढच्या पानावर 'ऊब' हा शब्द येतो. त्याचा खण आज उघडून पाहिला. एक्केचाळीस क्रमांकाची एकही चिठ्ठी नाही. ते पान मी थांबवून ठेवलंय. तिच्याकडून एक वाक्य मिळवून द्याल का? मनाने रचलेलं मात्र आम्ही घेत नाही, स्वतः अनुभवलेलंच लागतं. तेव्हा त्यासाठी तिला आधी घरी यावं लागेल. पान कितीही दिवस थांबेल, असं तिला सांगा.