मेजवानीच्या कोपऱ्यातला माणूस

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि भावजींचा खोकला कसा आहे? मी ठणठणीत आहे. फक्त पोटात आग पडली आहे, आणि ती औषधाने विझणारी नव्हे.

तुझा लाडका आतेभाऊ (त्याला बोका म्हणायचं नाही असं तू बजावलं आहेस, म्हणून कंसातच म्हणतो) आणि मी, दोघांनाही इथल्या जुन्या कलासंग्रहालयाने बोलावलं. संग्रहातली एक जुनी कलाकृती निवडायची, तिच्यासमोर बसायचं आणि तिच्यावरून सुचेल ते नवं चित्र काढायचं. मी आधी एक घोडेस्वार निवडला होता. पण बोका एका सुरईसमोर इतका रमला होता की मला वाटलं, त्या सुरईत नक्की काहीतरी असणार. मीही सुरई धरली. तोवर हा उठून दुसऱ्या दालनात, एका मेजवानीच्या चित्रापुढे! (लहानपणीही माझ्या हातात खेळणं आलं की त्याला त्याहून चांगलं सापडायचं. तुला आठवणार नाही. तू त्याच्याच बाजूची.) मग मी रोज त्याच्या पाठीमागे उभा राहू लागलो. पण पठ्ठ्या वही छातीशी धरून, वळून माझ्याकडेच बघत बसे आणि गोड हसून विचारी, "दादा, मान अवघडली का?" मला वाटलं, याला काही सुचत नाहीये. त्या आनंदात मला झोपही छान लागायची.

प्रदर्शन उघडलं. माझी सुरई स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात टांगली आहे. तिच्यापाशी थांबणारे लोक मला फक्त आत कोणी आहे का, एवढंच विचारतात. बोक्याचं चित्र मात्र मुख्य दालनात, मधल्या भिंतीवर. त्या जुन्या मेजवानीच्या कोपऱ्यात एक वाळका माणूस शेजाऱ्याच्या ताटात डोळे घालून बसला आहे. बोक्याने तेवढाच उचलला, भिंतभर मोठा केला आणि त्याला चेहरा दिला माझा! लांब केलेली मान माझी, गळ्यातला तू विणलेला हिरवा मफलरही माझाच. लोक म्हणतात, मत्सर इतका जिवंत कुणी रंगवलाच नव्हता. ताई, मला मत्सर? आणि तोही त्या बोक्याचा? तुझा शब्द तो मोडत नाही. आजच त्याचा कान उपट आणि चित्र उतरवायला लाव.

तुझा धाकटा (आणि सख्खा) भाऊ

ता. क. कान एवढ्यात उपटू नकोस. चित्राचा फोटो पेपरात आला आहे आणि पेपरवाले पुन्हा येणार आहेत म्हणे. मी हल्ली दिवसभर चित्राजवळच उभा असतो, तशीच मान लांब करून.

आणि हो, तो मफलर मी गेल्या महिन्यात उसवला म्हणून तुझ्याकडे ठेवून आलो होतो, तो असेल तसा ताबडतोब पाठव. काल एका बाईंनी मला चित्रासमोरून बाजूला व्हायला सांगितलं. त्या माणसाचा चेहरा दिसत नाही म्हणाल्या.