रांगेतली घागर

८ एप्रिल २०१६, शुक्रवार. पाडवा.

आज नव्या घरात आलो. नवं म्हणायचं नुसतं, भिंती निजामाच्या काळातल्या. बीडच्या जुन्या मोंढ्यातली ही दगडी वखार. पुढं हितं सहकारी सोसायटीचं गोदाम झालं, मंग तीस वर्सं नुसते उंदीर. आता घरबांधणी सोसायटीनं तिच्यात चौदा बिऱ्हाडं काढली. दीड दीड हात रुंद भिंती, बाहेर आग पडली तरी आत गार. मेलेली गल्ली उठून बसली. चहावाला आला, दळणाची गिरणी आली, शिंपी आला.

लेकानं, बंकटनं, खालच्या दोन खोल्या घेतल्या. कावून, तर मालकाचं रक्त आठवड्यातून दोनदा मशीनीवर धुवावं लागतं. चौसाळ्याहून एसटीनं आणायचं म्हंजी माणूस वाटंतच निम्मा व्हतो. हितनं दवाखाना हाकेवर. बंकट माजलगावला साखर कारखान्यावर हाय, सामान टाकून लगेच गेला. गुढी मीच उभी केली. मालक म्हणले, वाकडी हाय. मी म्हणलं, तुमीच वाकडे बसलात. हसले. लई दिसांनी हसले.

डॉक्टरचा हुकूम असा, की मालकानं दिवसाला पाचच पेले पाणी प्यायचं. ज्यास्त झालं तर छातीत साचतं आन माणूस जातो. रोज लिहून ठेवा म्हणला, म्हणून ही वही. माझं शिक्षण चौथी. शुद्धबिद्ध बगत बसू नये.

पेले पाच.

१० एप्रिल, रविवार

पाण्याचा इंतजाम कळला. नळ नावाला. धरणात गाळ उरला, पाणी न्हाई. तिसऱ्या दिशी अकराला टँकर येतो. सकाळीच ज्यानं त्यानं चौकात आपली घागर रांगेत ठेवायची आन कामाला लागायचं. घागर म्हंजी माणूस, तिला कोणी हात लावायचा न्हाई. आमच्या गावात बी हेच.

सगळ्यात म्होरं एक तांब्याची घागर व्हती. काळी पडलेली, पोचे आलेले, गळ्याला चिंधी. कोणाची म्हणून इचारलं तर बाया आपापल्या चुंबळी नीट करायला लागल्या. टँकरची नळी आली की पहिल्या बाईनं तिच्यात तांब्याभर वतलं, मंग आपली घागर लावली. वॉचमन आश्रुबाला धरलं. म्हणला, मावशी, ती असतीच, तिला तांब्याभर द्यायचं आन आपलं भरायचं. मी म्हणलं, ती सभासद हाय का सोसायटीची? म्हणला, न्हाई. मंग रांगेत कावून? तर मिशा वढायला लागला. असली थेरं मला जमत न्हाईत. प्यायला थेंब न्हाई आन हे घागरीला नैवेद्य दाखवत्यात.

पेले पाच.

१३ एप्रिल, बुधवार

सकाळी सातला चौकात गेले, ती घागर उचलली, भिंतीकडं सारली आन तिच्या जागी माझी ठेवली. रिकामी व्हती, तरी हाताला जड लागली. शेजारची रतनबाई बगत व्हती. सत्तरीच्या पुढची, लगीन होऊन आल्यापास्नं ह्याच गल्लीत. म्हणली, मुक्ते, कुणाची जागा घेतीस, इचारलं तरी का? मी म्हणलं, कुणाला इचारू, घागरीला? बाया फिदीफिदी हसल्या. रतनबाई न्हाई हसली.

पयला नंबर लागला. दोन घागरी ज्यादा भेटल्या, मालकाच्या चादरी धुतल्या. फुकट फिकीर करत्यात लोकं.

पेले सहा. ऊन लई, एक ज्यादा मीच दिला.

१६ एप्रिल, शनिवार

पेले अकरा. मी दिले न्हाईत, उठून माठाकडं जात्यात. घसा कोरडा पडला म्हणत्यात. भांडले. ऐकत न्हाईत.

पहाटंच दवाखान्यात भीत भीत नेलं. वाटलं अंग सुजलं आसंल. काट्यावर उभं केलं तर तीन किलो कमी. डॉक्टर म्हणला, आजी, वही खोटी लिवता का? मी म्हणलं, खोटं लिवायला चौथी पुरत न्हाई.

सांजच्याला सहज त्या घागरीत डोकावले. निम्मी भरलेली. टँकर आल्यापास्नं मी दारातच बसलेते, कोणी तिच्याजवळ गेलं न्हाई.

१७ एप्रिल, रविवार

पेले सतरा. लघवीला एकदाबी न्हाई. ओठ फुटले, तूप लावलं.

घागर गळ्यापतूर आली. हात घालून बगितला. पाणी कोमट. हाताला मालकाच्या औशिदाचा वास आला. दोनदा साबण लावला, जात न्हाई.

१९ एप्रिल, मंगळवार

झालं ते झालं म्हणून घागर परत रांगेत म्होरं ठेवायला गेले. उचलंना. आश्रुबाला बोलवलं. दोघांनी धरली, जिमिनीत पुरल्यावानी. आश्रुबानं हात सोडला, कपाळ पुसलं आन म्हणला, मावशी, म्या सांगितलतं. गेला.

मंग रतनबाईकडं गेले. सरळ सांग म्हणलं, आढेवेढे नको. तिनं सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात ह्या चौकात आड व्हता. पाणी फकस्त तवाच्या गोदामवाल्या सोसायटीच्या सभासदाला. साखराबाई म्हणून एक मेंढरंवाली आलती. मेंढरं वाटंत मेलेली, नवरा तापानं पडलेला. त्याला मागच्या पडवीत निजवलं. सकाळपास्नं तिची घागर रांगेत म्होरं. ती नवऱ्याला बगायला गेली तवर एकीनं ती घागर कडंला सारली. सभासद न्हाई म्हणली. साखराबाई भांडली न्हाई, गुमान मागं जाऊन हुबी राहिली. तिचं पाणी भरस्तवर दिवस कलला. घेऊन गेली तर नवरा गेलता.

सारली कुणी, मी इचारलं. रतनबाई म्हणली, माझ्या सासूनं. तवापास्नं रतनबाई तांब्याभर देती. दुसऱ्या बायांनाबी तिनंच लावून दिलं.

ती पडवी कुठं म्हणलं. रतनबाईनं माझ्या घराकडं बोट केलं.

पेले चोवीस.

२२ एप्रिल, शुक्रवार

टँकर आला. माझ्या नंबराचं सगळं पाणी त्या घागरीत वतलं. चार घागरी वतल्या. सांडंना, भरंना. बाया बगत व्हत्या, एक हसली न्हाई. हात जोडले. म्हणलं, साखराबाई, चुकलं, तुझी जागा घे.

घरी आले. मालक म्हणले, आत्ता कोण बाई आलती? मी म्हणलं, कोणी न्हाई. म्हणले, दारात हुबी व्हती, आत यायला इचारत व्हती. तुमी काय म्हणलात? म्हणले, ये म्हणलं. उन्हाची हुबी व्हती बिचारी.

पेले एकतीस. दवाखान्यात वजन काट्याला लागंना, नुसती हाडं; डॉक्टर म्हणला, आता मशीनीवर घेता येत न्हाई, घरी न्या.

२४ एप्रिल, रविवार

घागर चौकात न्हाई. आमच्या उंबऱ्यावर हाय.

बंकटला फोन केला. म्हणलं, चौसाळ्याला परत न्ये. तो म्हणला, आई, तूच असं बोलायलीस? मी म्हणलं, लवकर ये. गुरवारी जीप घेऊन येतो म्हणला.

पेले — चाळीस आसतील.

२६ एप्रिल, मंगळवार

घागर आत. चुलीपाशी. दार मी लावलं व्हतं.

मालक दुपारभर बोलत व्हते. मेंढराचं. कोकरू दूध पीत न्हाई म्हणले. आमी जन्मात मेंढरू पाळलं न्हाई. मी म्हणलं, कापसाचं बोला, बंकटचं बोला. म्हणले, कोण बंकट?

रतनबाई दारापतूर आली. आत न्हाई आली. म्हणली, उशाजवळनं उठू नको. आता रांग तितं हाय.

२७ एप्रिल, बुधवार

उठले न्हाई. जेवले न्हाई. त्येंचा हात धरून. हात कागदावानी —

घागर पलंगाच्या पायथ्याला. मी डोळा लावला न्हाई, तरी —

२८ एप्रिल, गुरवार

बंकट चौसाळ्याचं घर झाडून निघाला. मांजरसुंब्याला चाक बसलं. तासाभरात येतो म्हणला.

माठ रिकामा. पाणी, पाणी म्हणत्यात. अकरा वाजले. टँकरचा भोंगा — उठले तर पाणी मिळंल. उठले तर हितली जागा —

उठत न्हाई. आश्रुबाला हाक मारली. येत न्हाई कोणी.

दार आपसूक उघडलं. पावलं न्हाईत. घागर भुईवर टेकल्याचा आवाज, भरल्या घागरीचा —

त्येंनी डोळे उघडले. माझ्याकडं न्हाई. दाराकडं. म्हणले, आलीस व्हय. लई येळ लागला तुला.

पेला उचलला. मी दिलेला न्हाई. नका पिऊ म्हणते — पित्यात — एकच पेला. भागली म्हणले तहान. तोंडावर रंग आला. उठून बसले. सहा म्हैन्यात आपल्या आपण बसले न्हाईत ते —

मी नाव घेतलं. पन्नास वर्सांत कदी घेतलं न्हाई. अर्जुनराव. अवो, अर्जुनराव —

मान वळवली. माझ्याकडं बगितलं. म्हणले, बाई, तुमी कोण? हितं आमची ही बसती, जरा सरकून —