न गेलेली दोनशे बारा पत्रं

१० एप्रिल २०१६, रविवार

गेली माझी पत्रांची पेटी! बारा वर्षांची पेटी, एका दुपारीत साफ.

नवा कॉम्प्युटर आला. मला कोणी विचारलं? हे म्हणाले, "जुना डबा झालाय, पेन्शनची साइट उघडत नाही." झालं. यांनी ठरवलं की ठरलं. माझी भाची मनस्विनी वाळूजच्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघते, तिला बजाजनगरहून बोलावून घेतलं. तिनं दुपारभर बसून इकडचं तिकडं केलं. माझा मेलचा प्रोग्राम नव्यात चालतच नाही म्हणे. "मावशी, तो केव्हाच बंद झाला, आता कोणी वापरत नाही." मी वापरते ना! मी कोणीच नाही का?

नवीन जे काही बसवून गेलीय त्यात डोंबल काही कळत नाही. बटणांवर नावं नाहीत, नुसती चित्रं. पत्र आल्यावर वाजायचं ते टिंग नाही. डावीकडं माझे कप्पे कसे ओळीनं दिसायचे, ते आता तीन रेघांच्या एका खुणेमागं लपलेत.

"सगळी जुनी मेल आणलीय, आणि एक बारीकसं बिघडलेलं होतं तेही नीट केलंय," म्हणाली आणि चहा पिऊन गेली. मी मागून उघडून बघितलं. आउटबॉक्स रिकामा! सकाळी तिथं दोनशे बारा पत्रं होती.

११ एप्रिल

सईच्या अकरावीची वही सापडली. मागची पानं कोरी आहेत. लेक गेली बंगलोरला, तिची वही माझ्या कामी आली. आता हिच्याशीच बोलायचं.

तर पहिल्यांदा हे लिहून टाकते. ती पत्रं सगळी यांना लिहिलेली होती. पलीकडच्या खोलीत खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला! यांचा मेलचा पत्ता घालून, वर तारीख टाकून, इंग्रजी अक्षरांत मराठी. मग 'पाठवा' दाबायचं. त्या प्रोग्रामात पहिल्यापासून कसलीशी खोट होती — आलेली पत्रं दिसायची, पण इथून काही जायचं नाही. 'पाठवता आलं नाही' अशी पाटी यायची आणि पत्र आउटबॉक्समध्ये जाऊन बसायचं. मी दुरुस्त करून घेतलं नाही. कशाला? तोंडावर बोलल्याचं समाधान व्हायचं आणि घरात भांडणही नाही. सईशी मी फोनवर बोलते, मला दुसरं कोणाला काय पाठवायचं होतं!

पहिलं पत्र २००४ चं, कॉम्प्युटर आला त्याच आठवड्यातलं. अण्णांबद्दल. माझे वडील आदल्या वर्षी अजिंठ्याला आजारी होते, भावाचा फोन आला, लगेच ये. इथून शंभर किलोमीटर. यांचं कालव्याचं इन्स्पेक्शन होतं. म्हणाले, "उद्या जाऊ." दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती. मी यांना एक शब्द बोलले नाही. ते सगळं त्या पत्रात होतं.

आज पाण्याचा दिवस. पाणी आलं चाळीस मिनिटं, चार दिवसांनी. हे रात्री जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

१२ एप्रिल

जुना डबा भंगारात! मला न सांगता. मी मुकुंदवाडीच्या रस्त्यापर्यंत उन्हात गेले, भंगारवाला शोधला. म्हणाला, "अम्मा, वो डब्बा तो कलीच तोड डाले ना!" डबा फुटला. दोनशे बारा पत्रं फुटली. रिक्षात बसून रडू आलं, रिक्षावाल्याला वाटलं ऊन लागलं.

१३ एप्रिल

मनस्विनीला फोन केला. काय सांगू तिला? तुझ्या काकांना शिव्या घातलेली पत्रं शोध? म्हटलं, "अगं, पाककृती होत्या लिहून ठेवलेल्या." म्हणाली, "बघते हं, नावानं शोधते, लोणचं वगैरे." तिकडं बसून तिनं इकडचा कॉम्प्युटर उघडून शोधलं. लोणचं कुठून सापडणार! "मावशी, पाककृती एकही नाही गं."

खोटं बोलले आणि आपणच आपल्या वाटेत भिंत घातली.

१५ एप्रिल

पाण्याचा दिवस. यांचा तक्ता फ्रिजवर लावलाय — पट्टीनं रेघा मारलेला, चार चार दिवसांनी तांबड्या शाईत 'पाणी'. पाटबंधाऱ्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, अजून घरात डेप्युटी इंजिनिअरच. पाण्याच्या दिवशी मी घराबाहेर पडायचं नाही. आदल्या दिवशी भांडी रिकामी करायची, दुसऱ्या दिवशी झाकून ठेवायची, म्हणजे चारातले तीन दिवस गेले. दुष्काळ मराठवाड्याला पडलाय, कैद मला झालीय.

पण आज गंमतच. मी स्वयंपाकघरातून येते तो यांनी पाइप लावून ड्रम भरलेला! मी म्हटलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "तू बस." तू बस! छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

१७ एप्रिल

हे हल्ली मोबाइल घेऊन बसतात तासन्‌तास. चष्मा नाकावर, ओठ हलतात, एकेक अक्षर लावून वाचल्यासारखे. पूर्वी पेपर वाचताना ओठ हलायचे नाहीत. मी गेले की मोबाइल पालथा. काय भानगड आहे? या वयात!

१९ एप्रिल

नवीन प्रोग्राम आज म्हणतो, पासवर्ड चुकला. मग म्हणतो, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा. चित्रांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखायचे. छत्तीस वर्षं घर सांभाळलं, आता हे सिद्ध करायचं राहिलं होतं.

मालनबाई फरशी पुसायला फडकं ओलं करेना. "बाई, आमच्या वस्तीवर टँकर आठ दिसाला येतंय. तुमच्या फरशीवर पाणी सांडायला जीव व्हत नाय." मग कोरडीच झाडून घेतली. समोरचा बंगला पाडून सात मजली होतेय, तिथं मात्र तिसरं बोअर मारतायत. घर्रर्र! दिवसभर. आमचं बोअर गेलं मार्चमध्येच.

नाश्त्याला हे म्हणाले, "तुला पोह्यात कांदा आवडत नाही का?" नाही आवडत. यांना आवडतो म्हणून घालते, आणि ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नाही. म्हटलं, "कोण म्हणतं?" बशी उचलून मोरीत ठेवायला गेले.

२३ एप्रिल

पाणी आलं. ड्रम यांनी भरला.

२४ एप्रिल

आज आणखी एक नवी तऱ्हा. यांनी आपली आरामखुर्ची खिडकीतून उचलून कोपऱ्यात नेली आणि खिडकीत माझं शिवणाचं मशीन आणून ठेवलं. "उजेड आहे इथं," म्हणाले. उजेड वीस वर्षांपासून तिथंच आहे! मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. सईला फोन केला, "अगं, बाबांची तपासणी करून घ्यावी का? वेगळंच वागतायत." ती हसली. "आई, चांगले वागले तरी तुला चालत नाही."

२७ एप्रिल

आज नुसतं पाणी.

२ मे

दुपारी झोप लागली नाही. खरं लिहून टाकते. बाकीची पत्रं गेली याचं दुःख आहे, पण एक पत्र गेलं याचं बरंही वाटतंय. ते २०१३ चं. तेव्हाही असाच दुष्काळ होता, आणि यांचं बायपास झालं. आत ऑपरेशन चाललेलं, मी बाकावर. माझ्या मनात आलं — हे परत नाही आले तर मी अजिंठ्याला जाऊन राहीन. कोणाचा तक्ता नाही. आणि मला हलकं वाटलं! देवाशप्पथ, हलकं वाटलं. मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, छान झालं, आणि मी रडले, तेही खरंच. सहा महिने यांना हातानं भरवलं. ते सगळं पत्रात लिहिलं आणि पुन्हा कधी ते उघडलं नाही. एकशे सत्याऐंशीवं पत्र.

डब्याबरोबर फुटलं ते बरंच झालं.

५ मे

शिवशंकरचा फोन, माझ्या भावाचा. "ताई, आखाजीला येतेस का? अण्णांच्या नावाची घागर भरायची, तुझ्या हातचं पाणी एकदा तरी." अक्षय्य तृतीया आली की दरवर्षी विचारतो. तिथं विहीर आटली, तरी घागरीपुरतं पाणी ठेवलंय म्हणाला. मी फ्रिजकडं बघितलं. नऊ मे, तांबड्या शाईत 'पाणी'. म्हटलं, "अरे, नऊला आमचं पाणी आहे." तो म्हणाला, "बरं." त्याच्या 'बरं'ची मला लाज वाटते.

हे कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. ऐकलं असणार. मोबाइलवरून नजर उचलली नाही. दुसरं काय!

८ मे, रविवार

जमेल तसं लिहिते.

मनस्विनी आली होती. हे भाजीला गेले तेवढ्यात मी तिला खरं सांगितलं. "पाककृती नव्हत्या. पत्रं होती. आउटबॉक्समध्ये." ती म्हणाली, "आउटबॉक्समध्ये? अगं मावशी, मग ती गेली की! तुझं पाठवायचं सेटिंग चुकलेलं होतं, ते मीच नाही का नीट केलं त्या दिवशी? बोलले होते तुला." आणि तीन रेघांमागचा कप्पा उघडून दाखवला. 'पाठवलेली'. दोनशे बारा. सगळी दहा एप्रिलला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.

मी तो कप्पा कधी उघडलाच नाही! बारा वर्षांत काही गेलं नव्हतं, तर तिथं काय बघायचं?

"कोणाला होती?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "एका ओळखीच्या माणसाला."

मग सगळं लागलं डोक्यात, एकामागून एक. अकरा तारखेला जेवले नाहीत — अण्णांचं पत्र. पोहे. खिडकी. ड्रम. इंग्रजी अक्षरांतली माझी मराठी, म्हणून ओठ हलत होते! महिनाभर माणूस माझ्यासमोर बसून माझं बोलणं ऐकतोय आणि मी त्याची तपासणी करायला निघाले होते.

दुपारी हे आंघोळीला गेले. मोबाइल टेबलावर, उघडाच. मी बघितला. जुन्यापासून क्रमानं वाचतायत, इन्स्पेक्शन केल्यासारखे. न वाचलेली — सव्वीस. म्हणजे एकशे शहाऐंशी झाली. पुढचं तेच. दवाखान्याचं.

एक बोट लावलं की पुसलं जाईल. पुसायची खूणही मला आता येते, कचऱ्याच्या डब्याचं चित्र. आतून पाण्याचा आवाज येत होता, एक बादलीची आंघोळ, वेळ थोडा. बोट तिथवर नेलं. वाटलं, वाचू दे पोहे आणि खिडकी, तेवढंच पुरे आहे. यांचं काळीज आधीच टाके घातलेलं.

नाही पुसलं. बारा वर्षं 'पाठवा' दाबत होते ते काय खोटं खोटं? मोबाइल होता तिथं ठेवला. उद्या हे मला घराबाहेर काढतील, नाहीतर बोलायचंच बंद करतील. दुसरं जास्त वाईट.

९ मे, सकाळ

तक्त्यावर आजच्या तारखेपुढचं 'पाणी' पट्टी लावून खोडलंय. शेजारी यांच्या अक्षरात — 'अजिंठा. आजच.' ड्रम मालनबाई भरणार आहे, तिला तसं सांगून ठेवलंय.

गाडीची काच पुसता पुसता हे म्हणाले, "दवाखान्याचं वाचलं." माझ्याकडं बघितलं नाही. मग म्हणाले, "चल, ऊन व्हायच्या आत पोचू. घागर तू भर."

मी अजून साडीही बदललेली नाही.